दुपार गाडीत, सकाळ-संध्याकाळ पायी: पुणे ते कन्याकुमारी, दहा दिवस

दक्षिणेत गाडी घेऊन जाताना अंतराचा हिशेब सोपा असतो, घड्याळाचा अवघड. पुण्याहून विजापूर, बदामी, हंपी, लेपाक्षी, जिंजी, तंजावर, रामेश्वर करत कन्याकुमारी गाठायची तर सुमारे दोन हजार किलोमीटर होतात. दहा दिवसांत रोजचे सरासरी दोनशे, म्हणजे काहीच नाही. तरी बहुतेकांचा बेत फसतो. तमिळनाडूतली मोठी देवळं साडेबारा-एकला बंद होतात ती तीन-चारला उघडतात. पुरातत्त्व खात्याची स्मारकं संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतात. आणि दोन्हीकडे ज्या दगडावर अनवाणी चालायचं, तो अकरानंतर तापतो. निवांत नाश्ता करून नऊला निघणारा माणूस एक वाजता मुक्कामी पोचतो आणि तीन तास कुलपाकडे बघत बसतो. म्हणून खालचे बहुतेक दिवस एकाच पद्धतीनं बसवले आहेत: उजाडल्यावर बघायचं, अकरा-साडेअकराला गाडी सुरू करायची, चारनंतर पुन्हा बघायचं. रात्री गाडी चालवायची नाही.

काळ जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस असतो, त्यामुळे आपल्याकडची 'दिवाळीनंतरची छान हवा' तिकडे छान नसते. शबरीमलेचे यात्रेकरू मध्य जानेवारीपर्यंत रामेश्वर-कन्याकुमारीला गर्दी करतात, त्यातच पोंगलच्या सुट्ट्या येतात. मार्चपासून हंपी आणि जिंजीचे कातळ नकोसे होतात.

टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास घेतलेला बरा. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा किंमत ३,००० रुपये होती. खासगी गाडीला २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तो फक्त राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो. राज्याच्या रस्त्यांवरचे नाके फास्टॅगच्या नेहमीच्या शिलकीतून पैसे कापतात, तेव्हा पास आहे म्हणून खातं रिकामं ठेवू नका. टॅग चालला नाही तर टोल जास्त पडतो; नोव्हेंबर २०२५ च्या नियमात रोख दुप्पट आणि यूपीआयनं सव्वापट होता.

दिवस १: पुणे ते विजापूर, सुमारे ३५० किमी

साडेपाचला पुणं सोडलं तर दहाच्या आत सोलापूर. वाटेत चार टोलनाके, रस्ता सरळ, आणि सरळ आहे म्हणूनच झोपेचा. भिगवणला रोहित बघायला वळायचा मोह होतो, पण होडीचे दोन-तीन तास गेले की दिवस मोडतो. त्यासाठी वेगळा रविवार काढावा. सोलापूर ते विजापूर शंभर किलोमीटर चौपदरी आहे. जेवण करून दुपारी खोली घ्या आणि चारला बाहेर पडा.

संध्याकाळी इब्राहिम रोजा आणि मलिक-ए-मैदान एवढंच. इब्राहिम रोजा ही दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, १६२७ च्या सुमाराची. एका चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मध्ये कारंज्याचा हौद. खिडक्यांतल्या दगडी जाळ्या जवळ जाऊन बघा: जाळीची नक्षी म्हणजे कोरलेली अक्षरंच आहेत, त्यांच्या फटींतून उजेड आत येतो. मलिक-ए-मैदान ही सुमारे ५५ टनांची तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतलेली. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि दातांत सापडलेला हत्ती. बुरुजावर ती नुसती ठेवलेली दिसते, म्हणून लोक दोन मिनिटांत परततात. जबड्याच्या आतला हत्ती शोधूनच खाली उतरावं.

दिवस २: गोल घुमट, ऐहोळे, पट्टदकल, बदामी, सुमारे १६० किमी

गोल घुमट सकाळी उघडतो तेव्हा आत असलं पाहिजे. १६५६ मध्ये पूर्ण झालेली ही मुहम्मद आदिलशहाची कबर. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर, आतला सुमारे ३८, आणि आधाराला मध्ये एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौकोनी भिंतींवरचा भार गोलात आणतात. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातल्या अरुंद जिन्यानं वर सज्जात जाता येतं. तिथं भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं तर समोरच्या बाजूला, जवळजवळ ३८ मीटरवर, शब्द स्पष्ट ऐकू येतो. टाळी सात-आठदा परत येते. हे सगळं सकाळच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच अनुभवायला मिळतं. शाळेच्या सहली आल्या की प्रत्येक आरोळी सात-आठदा फिरते आणि घुमटात नुसता कल्लोळ उरतो. मग 'ऐकू येतं म्हणतात ते खोटंच' असं म्हणत लोक उतरतात. समोरच्या नगारखान्यातलं वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद.

साडेनऊला निघा, आणि इथं एक चूक टाळा. बहुतेक जण आधी बदामीला सामान टाकतात आणि मग पट्टदकल-ऐहोळे करून परत येतात. त्यात जवळजवळ पस्तीस किलोमीटर दोनदा पडतात. त्याऐवजी राष्ट्रीय महामार्ग ५० नं हुनगुंदकडे उतरून अमीनगडवरून आधी ऐहोळे गाठायचं. मग पट्टदकल आणि बदामी एकाच ओळीत पुढे येतात. वाटेत आलमट्टीजवळ कृष्णा ओलांडतो. सांगली-कोल्हापूरच्या पुराच्या चर्चेत दर पावसाळ्यात ज्याचं नाव निघतं, ते धरण हेच.

या पट्ट्यात दोन गोष्टी सांभाळायच्या. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो आणि उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर आलेली असतात. दुसरी गोष्ट आडरस्त्यांवर मळणीसाठी पसरलेलं पीक. ज्वारीचं कणीस चाकाखालून जातं, त्रास नाही. कुळथाच्या वाळक्या वेली मात्र फिरत्या ड्राइव्ह शाफ्टला गुंडाळतात, सायलेन्सरच्या उष्णतेनं तापतात आणि पेट घेतात. यानं गाड्या जळालेल्या आहेत. असा थर दिसला तर कडेनं जा. पर्याय नसेल तर पार केल्यावर थांबून खाली वाकून बघा आणि अडकलेलं काडीनं ओढून काढा. जळका वास आला म्हणून खिडकी लावून पुढे जाणं हा उपाय नव्हे.

ऐहोळेला दुर्ग मंदिराच्या आवारासाठी तासभर पुरे. नाव दुर्गादेवीवरून नाही, दुर्गावरून, म्हणजे जवळच्या तटबंदीवरून पडलेलं. मागची बाजू चैत्यगृहासारखी अर्धगोल आहे आणि भोवतीच्या प्रदक्षिणा-ओवरीत या गावातली सगळ्यात सरस शिल्पं आहेत. पण मराठी माणसानं पायऱ्या चढून टेकडीवरचं मेगुती जैन मंदिर चुकवू नये. त्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर रविकीर्तीचा संस्कृत शिलालेख आहे, शके ५५६ म्हणजे इ. स. ६३४ चा. दुसऱ्या पुलकेशीनं हर्षाला रोखल्याचा उल्लेख त्यात आहे, कालिदास आणि भारवीची नावं आहेत, आणि नव्याण्णव हजार गावांच्या तीन 'महाराष्ट्रकां'चाही उल्लेख आहे. लिपी जुनी कन्नड, त्यामुळे वाचता येत नाही. पण ओळी खोल आणि सरळ कोरलेल्या आहेत, तिरप्या उन्हात अक्षर न् अक्षर उठून दिसतं.

पट्टदकलला भर दुपारी सावली नसते. एरवी दुपार टाळायची, पण इथं नाइलाज आहे; जाड सुती मोजे इथूनच कामाला येतात. विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीनं दुसऱ्या विक्रमादित्याच्या कांचीविजयानिमित्त आठव्या शतकात बांधवलं. वेरूळच्या कैलासाशी त्याचं साम्य चटकन जाणवतं: नंदीमंडप, गोपुर, शिखराचे थर. एकाच आवारात उत्तरेकडची वक्र शिखरं आणि दक्षिणेकडची पायऱ्यापायऱ्यांची विमानं (गाभाऱ्यावरचे मनोरे) शेजारी शेजारी उभी आहेत, हेच या जागेचं वेगळेपण. १९८७ पासून जागतिक वारसा.

बदामीला साडेचारच्या आत पोचा आणि लेणी सोडून अगस्त्य तलावाच्या पूर्व टोकाला भूतनाथ मंदिराकडे चालत जा. मावळतीचं ऊन समोरून येतं आणि मागचा वालुकाश्माचा कडा विटकरीचा केशरी होतो.

दिवस ३: बदामी ते हंपी, सुमारे १४० किमी

चार लेणी, दीड तास. पहिल्यात अठरा हातांचा नटराज, तिसऱ्यात मंगलेशाचा शके ५०० म्हणजे इ. स. ५७८ चा लेख. तिसरं लेणं सगळ्यात मोठं आहे. त्याला निम्मा वेळ द्या. माकडं पिशवीच्या आवाजानं येतात, तेव्हा हातात प्लॅस्टिकची पिशवी, बाटली, केळं काही नको. चष्मा सांभाळा.

खानावळीत ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, एण्णेगाई (भरलं वांगं) खाऊन अकराला निघालं की दोन-अडीचला होस्पेट. मुक्काम होस्पेटला (हंपी १२-१३ किमी) किंवा कमलापूरला (चारेक किमी). कमलापुरात खोल्या कमी, पण पहाटेचा अर्धा तास वाचतो, आणि हंपीत पहाटेच्या अर्ध्या तासाचं मोल दुपारच्या तीन तासांइतकं आहे. संध्याकाळी हेमकूट टेकडी. चढ दहा मिनिटांचा, खाली विरूपाक्षाचं गोपुर.

दिवस ४: हंपी

विठ्ठल मंदिर, जनाना (कमलमहाल, हत्तीखाने) आणि कमलापूरचं वस्तुसंग्रहालय, तिन्हींना एकच तिकीट चालतं, पण त्याच दिवशी. संध्याकाळी चारला काढलेलं तिकीट म्हणजे दोन जागा वाया. म्हणून तिकीट सकाळी काढा आणि खिशात जपून ठेवा.

विठ्ठल मंदिराच्या अलीकडे सुमारे किलोमीटरभर गाडी थांबवावी लागते. पुढे बॅटरीवरची गाडी किंवा पाय. सकाळी पायीच जावं, वाटेतला बाजारपेठेचा खांबांचा पट्टा गाडीतून निसटतो. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ इथलाच. तो एका दगडातला आहे असं सांगतात, ते खरं नाही: ग्रॅनाइटचे अनेक ठोकळे जोडले आहेत, सांधे नक्षीत लपवले आहेत. बाजूनं नीट पाहिलं तर रेघा सापडतात. सूर काढणाऱ्या खांबांवर टकटक करायला बंदी आहे आणि ती योग्य आहे. शेकडो हातांनी ठोकून खांब झिजले.

अकरा ते तीन हे तास उघड्यावर घालवू नका. संग्रहालयात हंपीचा मोठा नमुना मांडलेला आहे. तो पाहिल्यावर विखुरलेले अवशेष डोक्यात एका शहरात बसतात. मग जेवण, विश्रांती, आणि चारला राजवाड्याचा भाग. महानवमी दिब्बा या उंच दगडी चौथऱ्याशेजारची पायऱ्यांची पुष्करणी १९८० च्या दशकातल्या उत्खननात सापडली. काळ्या दगडाचे हे टप्पे इतके रेखीव आहेत की नवे वाटतात. पायरीच्या दगडांवर खुणा खोदलेल्या दिसतील: कुठला दगड कुठल्या बाजूला, कितव्या थरात, हे सांगणाऱ्या. दगड दुसरीकडे घडवून इथं आणून जुळवल्याचा तो पुरावा.

विरूपाक्ष मंदिरात मागच्या बाजूच्या एका अंधाऱ्या खोलीत भिंतीतल्या बारीक झरोक्यातून गोपुराची उलटी सावली पडते. बाहेर लख्ख ऊन असेल तरच ती दिसते, ढगाळ दिवशी भिंत कोरी.

दिवस ५: हंपी ते लेपाक्षी, सुमारे २८० किमी

बळ्ळारीपर्यंत लोहखनिजाचे ट्रक आणि तांबडी धूळ. एसीची हवा आतल्या आत फिरती ठेवा. पुढच्या मुक्कामी एअर फिल्टर काढून झटका. अनंतपूरला राष्ट्रीय महामार्ग ४४ लागला की सुटकेचा रस्ता. कोडिकोंडा नाक्यापाशी पश्चिमेला वळून पंधरा-सोळा किलोमीटर.

लेपाक्षीचा एकसंध नंदी देवळाच्या आधीच रस्त्याकडेला लागतो: साडेचार मीटर उंच, आठ मीटरहून लांब. आत वीरभद्र मंदिरात सगळे जण 'लोंबत्या खांबा'पाशी गोळा होतात आणि खालून रुमाल सरकवतात. रुमाल जातो, पण खांब पूर्ण अधांतरी नाही, एक कोपरा टेकलेला आहे. तिथं रुमाल अडतो. खरा ऐवज डोक्यावर आहे. विजयनगरची छतावरची चित्रं इतक्या प्रमाणात फार थोड्या ठिकाणी उरली आहेत. मान दुखते, म्हणून छोटा आरसा हातात आडवा धरून बघा. वस्त्रांचे काठ, अंबाडे, टोकदार पदर सगळं आरशात सावकाश दिसतं. मागच्या लतामंडपाच्या खांबांवरच्या नक्षी साडीवाल्यांनी उचलल्या आहेत. मुक्काम हिंदुपूर, पंधरा किलोमीटर.

दिवस ६: तिरुवण्णामलैपर्यंत, तीनशेच्या वर

हा नुसता गाडीचा दिवस. बेंगळुरू शहरात शिरू नका. देवनहळ्ळीकडून होस्कोटेला जाणारा बाहेरचा वळणरस्ता घ्या आणि मालूर-होसूर करत कृष्णगिरी गाठा. तिथून महामार्ग ७७. नकाशावरचं ॲप दहा मिनिटं वाचवायला शहरातून नेतं, आणि दीड तास खातं. पौर्णिमेला तिरुवण्णामलैला मुक्काम ठरवू नका: चौदा किलोमीटरच्या गिरिप्रदक्षिणेला लाखो लोक येतात, रस्ते गाड्यांना बंद होतात, खोली मिळत नाही.

दिवस ७: जिंजी, गंगैकोंडचोळपुरम, तंजावर; सुमारे २६० किमी

साडेसहाला निघून ३८ किलोमीटरवरची जिंजी. रस्ताच किल्ल्याच्या तटातून आणि दोन डोंगरांच्या मधून जातो: एकीकडे राजगिरी, दुसरीकडे कृष्णगिरी, तिसरा डोंगर चंद्रायणदुर्ग, आणि तिन्हींना जोडणारी एकच तटबंदी. शिवाजी महाराजांनी दक्षिण दिग्विजयात १६७७ साली हा किल्ला घेतला. बारा वर्षांनी पन्हाळ्याहून वेश पालटून निघालेल्या राजाराम महाराजांना तोच उपयोगी पडला. झुल्फिकारखानाचा वेढा १६९० ते १६९८ चालला. किल्ला पडण्याआधी राजाराम महाराज निसटले होते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटा.

सह्याद्रीची सवय इथं दगा देते. आपला बेसाल्ट काळा, पायाखाली पकड देणारा; घाटात झाडी आणि वारा. इथं ग्रॅनाइटचे गोल धोंडे एकावर एक रचलेले, सावली जवळजवळ नाही, आणि नऊनंतर दगडच उष्णता परत फेकतो. राजगिरीला वर जायला सव्वा ते दीड तास, माणशी दोन लिटर पाणी. पायऱ्या बांधलेल्या आहेत, उंची असमान आहे; उतरताना गुडघ्यांना तेच सोसत नाही. शेवटच्या टप्प्याला एका खोल घळीवरचा पूल लागतो. पूर्वी तिथं काढता येणारा पूल होता, तो ओढून घेतला की बालेकिल्ला तुटला. पुलावर उभं राहून खाली बघितलं की आठ वर्षांचा वेढा समजतो. सनावळीतून तो समजत नाही. दुपारनंतर वर सोडत नाहीत, म्हणून ही चढाई सकाळची पहिली गोष्ट. साडेदहापर्यंत खाली उतरून कल्याणमहाल, धान्यकोठारं आणि व्यंकटरमण मंदिर बघा. गुडघे कुरकुरत असतील तर राजगिरी सोडून कृष्णगिरी चढा, पाऊण तास लागतो.

विळुप्पुरमला केळीच्या पानावरचं जेवण घेऊन महामार्ग ३६ नं पुढे. गंगैकोंडचोळपुरम बरोबर चारला गाठायचं, देऊळ तेव्हा उघडतं. राजेंद्र चोळाचं हे देऊळ वडिलांच्या तंजावरच्या देवळापेक्षा मुद्दाम थोडं बुटकं ठेवलं म्हणतात. कारण काहीही असो, शिखराच्या कडा तंजावरसारख्या सरळ नाहीत, आत वळलेल्या आहेत, आणि शिल्पं त्याहून सरस आहेत. उत्तरेच्या दाराशी शिव आपल्या भक्ताच्या, चंडेशाच्या, डोक्याला फुलांची माळ गुंडाळतो आहे, ते शिल्प शोधा. हिरवळीवर संध्याकाळी गावातले लोक बसलेले असतात, घाई कुणालाच नसते. साडेपाचला निघालं की कुंभकोणमवरून तंजावरला साडेसातला. शेवटचा तास अंधारात जातो, नियम एवढाच एकदा मोडायचा.

दिवस ८: तंजावर ते रामेश्वर, सुमारे २३५ किमी

बृहदीश्वर सहाला उघडतं. बाहेरचं मराठा दार, मग केरळांतकन, मग राजराजन, असे तीन दरवाजे ओलांडून आत गेलं की १०१० साली पूर्ण झालेलं साठ मीटरहून उंच विमान एकदम समोर येतं. बहुतेक लोक नंदी, गाभारा आणि फोटो करून परततात. तुम्ही आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे जा. तिथं तटाच्या भिंतीवर दगडात कोरलेला मराठी मजकूर आहे: भोसले घराण्याचा इतिहास, दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला. लिपी देवनागरी, ओळी लांबलचक. थोडं अडखळत, पण वाचता येतं. अकराव्या शतकातल्या चोळांच्या देवळात मराठी वाचायला दुभाषा लागत नाही, हे तिथं गेल्याशिवाय पटत नाही. सकाळचं ऊन तिरपं असतं तोवरच अक्षरांच्या कडांना सावली मिळते. नऊनंतर भिंत सपाट दिसू लागते.

नऊला राजवाडा. सरस्वती महाल ग्रंथालयाचं छोटं दालन, तिथली मोडीतली कागदपत्रं, शेजारच्या कलादालनातल्या चोळ कांस्यमूर्ती. कांस्यांना वेळ द्या: नटराजाच्या पुढून नाही, बाजूनं आणि मागून. मिरवणुकीत चारी बाजूंनी दिसायच्या मूर्ती आहेत, पाठही तितकीच घडवलेली.

साडेअकराला निघा. पुदुकोट्टै, कारैकुडी, रामनाथपुरम. पाच तास धरा. पांबनच्या रस्त्यापुलावरून ६ एप्रिल २०२५ ला सुरू झालेला नवा रेल्वेपूल दिसतो; तो १९१४ च्या जुन्या पुलाला समांतर बांधला. जुन्याचा मधला भाग दोन पाकळ्यांसारखा उघडायचा; नव्याचा ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो. पुलावर गाडी थांबवायची नाही, पोलीस असतात. उतरल्यावर कडेला गाडी लावून पायी मागे या.

दिवस ९: रामेश्वर आणि धनुष्कोडी

स्फटिकलिंगाचं दर्शन पहाटे पाच ते सहा. त्यानंतर बावीस कुंडांचं स्नान करायचं असेल तर क्रम पक्का ठेवा: आधी अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग ओल्या कपड्यांनी देवळातल्या बावीस विहिरी, मग कोरडे कपडे, मग दर्शन. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. हा क्रम चुकला की लॉजवर दोन फेऱ्या होतात. मोबाइल आत चालत नाही. मोबाइल, घड्याळ, पाकीट खोलीवरच ठेवा. कपडे गडद आणि सुती. विहिरीवर उभा माणूस बादली शेंदून डोक्यावर ओततो; बरोबर माणूस ठरवायचा असेल तर रक्कम सगळ्या विहिरींची मिळून आधी बोला. पाण्यानं आणि तेलानं फरशी घसरडी असते, वयस्करांचा हात सोडू नका. गर्दी नसेल तर तासाभरात होतं.

बाहेरच्या प्रदक्षिणामार्गात १,२१२ खांब आहेत. गाभाऱ्यातले पुजारी परंपरेनं महाराष्ट्रीय ब्राह्मण. मराठी उच्चार कानावर आला तर दचकू नका.

धनुष्कोडीला दुपारी तीनला जा. अरिचल मुनैपर्यंत वीसेक किलोमीटर, दोन्हीकडे समुद्र. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्रीच्या वादळानं गाव आणि स्टेशनात शिरणारी गाडी दोन्ही गेली. चर्चच्या प्रवाळी दगडाच्या भिंती उभ्या आहेत. वाळूत चाक उतरवू नका. डांबराच्या कडेपासून एक हातभर खाली गेलेली गाडी स्वतःहून बाहेर येत नाही. फसलीच तर ॲक्सिलरेटर दाबून खड्डा मोठा करू नका. चाकांतली हवा निम्मी करा, पुढे पायपुसणी टाका, दुसऱ्या गिअरमध्ये हळू उचला. पाण्यात पोहायचं नाही, टोकाला प्रवाह ओढतो. संध्याकाळी गाड्यांना परत पाठवतात.

दिवस १०: कन्याकुमारी, सुमारे ३१० किमी

इथं पहाटे निघायचं, कारण विवेकानंद शिळेची बोट आठ ते चार असते. तूत्तुकुडीजवळ मिठागरं, तिरुनेलवेलीनंतर महामार्ग ४४, आणि आरल्वायमोळीच्या खिंडीजवळ पवनचक्क्यांचं रान. तिथं वारा बाजूनं मारतो. टपावर सामान असेल तर दोर पुन्हा आवळा.

एकला पोचलात तर दोनच्या रांगेत उभे राहा, नाहीतर बोट दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. शिळेवरचं स्मारक २ सप्टेंबर १९७० ला खुलं झालं. ते उभं करण्यामागे एकनाथ रानडे होते, मूळचे अमरावती जिल्ह्यातले. शेजारच्या तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांच्या पुतळ्याची उंची १३३ फूट, कारण त्यांच्या तिरुक्कुरळ ग्रंथाचे अध्याय १३३. दोन्ही खडकांना जोडणारा ७७ मीटरचा काचेचा पूल ३० डिसेंबर २०२४ पासून आहे, त्यामुळे समुद्र उथळ असताना पुतळ्याकडे बोट जात नाही ही जुनी अडचण मिटली. समुद्र खवळला की बोटी अजूनही बंद राहतात.

कुमारी अम्मनच्या देवळात पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो, १३ किलोमीटरवरच्या शुचींद्रमलाही. पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा दुसऱ्या दिवशी बघायचा, तो सोमवारी बंद. दहावा दिवस रविवारी येत असेल तर सगळा बेत एक दिवस मागे-पुढे सरकवा. जानेवारीअखेर सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. किनाऱ्यावर सगळे सूर्याकडे तोंड करून उभे असतात. मासेमारीच्या होड्या तेव्हाच परतत असतात, त्या चर्चच्या मागच्या बाजूला लागतात, आणि तिथं गर्दी नसते.